मे महिन्याची वाट: भंडारदऱ्याच्या पायवाटांच्या नकाशाचं प्रकरण

ऑक्टोबरातला रविवार, संध्याकाळचे साडेपाच. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून निघालेलं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, धरणाच्या काठाकाठाने कोलटेंभ्याच्या दिशेला चाललं होतं. हातात घडीचा नकाशा. त्यावर हिरवी तुटक रेघ आणि तिच्या शेजारी लिहिलेलं: 'काठाची वाट. सोपी. सव्वा तास.' पाऊण तास चालून झाल्यावर रेघ कागदावर सरळ पुढे गेली आणि प्रत्यक्षात समोर पाणी आलं. पलीकडचा काठ दिसत होता, अंतर फार नव्हतं. वळसा घालून जाऊ म्हणून ते ओढ्याच्या बाजूने आत शिरले, तिथे कारवी डोक्याच्या वर आणि खाली पाय रुतणारा गाळ. सहाच्या पुढे अंधारायला लागलं. फोनला रेंज नाही. गुरं घरी आणणाऱ्या दोन पोरांना मुलांच्या रडण्याचा आवाज आला म्हणून आठच्या आत सगळे रस्त्याला लागले. कुणाला काही झालं नाही, धाकट्याचा एक बूट तेवढा गाळात राहिला.

तो नकाशा मी काढला होता.

नकाशे काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, पण शेतांचे, पाइपलाइनचे आणि प्लॉटचे. पायवाटांचा नकाशा करायची ही पहिलीच वेळ. धरणाभोवतीच्या गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या काही जणांनी वर्गणी काढून तो करवून घेतला होता. त्यांची गरज साधी होती. शनिवारी आलेला पाहुणा सकाळी नाश्त्याला विचारतो, 'आता कुठे जाऊ?' त्याच्या हातात देता येईल असा एक कागद हवा, म्हणजे रोज तेच तेच सांगावं लागणार नाही. पहिली आवृत्ती छापली जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर. चार महिन्यांनी वरचा प्रसंग घडला. पुढचं सगळं लिहिणं त्या एका रेघेची चौकशी आहे, आणि अर्थात माझीही.

आधी जागा समजून घेऊ. भंडारदऱ्याचा जलाशय सह्याद्रीच्या मुख्य धारेला अगदी बिलगून आहे. उत्तरेला कळसूबाई, 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. नैऋत्येच्या टोकाला रतनवाडी आणि तिच्या डोक्यावर रतनगड. पश्चिमेला घाटघर, जिथे जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसतं. पूर्वेला शेंडी गाव आणि धरणाची भिंत. प्रवरेवरच्या या धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव भिंतीला मिळालं. कागदोपत्री आर्थर लेक आणि विल्सन डॅम, गावात मात्र नुसतं 'धरण'. आजूबाजूचा मोठा प्रदेश 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असं गाडीने फिरून पुन्हा शेंडीला आलं की साधारण 40 किलोमीटरचा फेरा होतो. बहुतेक पाहुणे एवढंच करतात, काचेतून बघत.

या सगळ्या वर्णनात एक गोष्ट मी आजवर नुसती वाचत आलो होतो आणि तिचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. धरणाची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट. पाऊस चांगला झाला की ऑगस्टच्या मध्याच्या आगेमागे ते भरतं आणि वर्तमानपत्रात तशी बातमी येते. मग रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन, पिण्यासाठी सोडलेलं पाणी असं करत करत अकोले, संगमनेरपासून खाली श्रीरामपूरपर्यंतच्या शेतांना आणि गावांना ते वाटलं जातं. मे संपता संपता काठ आत सरकलेला असतो. भिंतीजवळ जिथे डोंगर सरळ पाण्यात उतरतो तिथे तो नुसता खाली जातो, चार पावलं पण मागे हटत नाही. रतनवाडीकडे फुगवट्याचं टोक आहे आणि जमिनीला उतार कमी आहे. तिथे पाण्याची पातळी थोडी खाली गेली की काठ लांबवर पळतो. बांध, दगडी वरंबे, जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. लोक त्यावरून चालायला लागतात, मोटरसायकली जातात, महिन्याभरात वाट मळते. जुलैत ती पुन्हा बुडते.

माझी हिरवी रेघ या जमिनीवर होती.

ती तिथे कशी आली? पहिली आवृत्ती मी बरीचशी टेबलावर बसून केली. उपग्रहाच्या चित्रावर वाटा गिरवायच्या आणि दोन दिवस प्रत्यक्ष जाऊन महत्त्वाच्या तेवढ्या तपासायच्या, असा हिशेब. फुकट उपलब्ध असलेलं चांगलं, स्पष्ट, ढग नसलेलं चित्र निवडलं. सह्याद्रीत असं चित्र कोणत्या महिन्यात मिळतं हे सांगायची गरज नाही. मार्च ते मे. पावसाळ्यात वरून फक्त ढगांची रजई दिसते, आणि नंतर गवत-झाडी इतकी माजलेली असते की पायवाट झाकून जाते. म्हणून वाटा गिरवणारा प्रत्येक जण उन्हाळ्याचं चित्र घेतो. उन्हाळ्याच्या चित्रात काठाजवळ एक पांढरी, ठसठशीत रेघ दिसत होती, ओढ्याच्या तोंडातून आरपार गेलेली. इतकी स्पष्ट वाट अख्ख्या परिसरात दुसरी नव्हती. मी ती सगळ्यात आधी गिरवली. तपासायला गेलो तेही मेच्या शेवटच्या आठवड्यात. चाललो, घड्याळ लावलं, सव्वा तास लागला. 'सोपी' हा शब्द मी तिथेच वहीत लिहिला.

म्हणजे तपासणी झाली नाही असं नाही. झाली, पण ज्या महिन्याचं चित्र त्याच महिन्यात झाली, त्यामुळे दोन्ही एकमेकांना दुजोरा देत राहिले.

आता लाज वाटावी असा भाग. माझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्याची जुनी टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे-वाटा दाखवणारा नकाशा, होती, 47 ई/10, एकास 50,000 प्रमाणाची. कळसूबाई, घाटघर, जलाशयाचा मोठा भाग हिच्यात येतो. धरणाची भिंत पूर्वेच्या कडेला आणि रतनगड दक्षिणेच्या कडेला लागून, म्हणजे नेमकं जिथे चालायचं तिथे शीट संपते, पण ते सोडा. टोपोशीट वाचायला शिकवतात तेव्हा पहिल्या तासाला सांगतात की बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडा पडणारा ओढा काळ्या रेघेत. शंभर वर्षांपासून हे असंच चालत आलं आहे. त्या सर्वेक्षकांना कळत होतं की या देशात पाण्याचा नकाशा काढायचा तर त्यात ऋतू घालावा लागतो. मी शीटवरून ओढे उतरवून घेताना सगळ्यांना एकच सुंदर फिकट निळा रंग दिला. छान दिसत होतं.

टोपोशीटने आणखी एक धडा दिला, वेगळ्या जातीचा. जुन्या शीट एव्हरेस्ट 1830 या पृथ्वीच्या आकाराच्या गणितावर बसवलेल्या आहेत, आणि फोनमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या दुसऱ्या गणितावर चालतं. अक्षांश-रेखांश तेच लिहिले तरी जमिनीवरची जागा एक येत नाही. आपल्या भागात हा फरक शंभरेक मीटरचा पडतो. शेतात शंभर मीटर म्हणजे शेजाऱ्याशी भांडण, घाटघरच्या कड्यावर शंभर मीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. 2005 च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी काढलेल्या ओपन सिरीजच्या शीट डब्ल्यूजीएस 84 वरच आहेत, त्यामुळे नवी शीट घेतली की हा प्रश्न मिटतो. पण ट्रेकर मंडळींच्या संग्रहात फिरणाऱ्या स्कॅन केलेल्या प्रती बहुतेक जुन्याच. एवढी काळजी मी घेतली होती. नव्या-जुन्या शीटचा मेळ घालताना कळसूबाईच्या माथ्यावरचं देऊळ जागेवर येईपर्यंत अर्धा दिवस घालवला. कड्याची काळजी घेतली आणि पाण्याला विसरलो.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो, या वेळी एकटा नाही. रतनवाडीतले एक मामा सोबत आले. वय साठीच्या पुढे, पूर्वी वाटाड्याचं काम केलेलं, आता गुरं आणि थोडी भातशेती. पहिल्या दिवशी त्यांना नकाशा उघडून दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मग मी सुलटा करायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, मी गावाकडून बघतोय." दक्षिण वर. रतनवाडीतून गडाकडे तोंड करून उभं राहिलं तर जसं दिसतं तसं. त्यांनी बोट ठेवत ठेवत मुतखेलपर्यंत सगळं बरोबर ओळखलं. हिरव्या रेघेवर बोट थांबलं.

"ही उन्हाळ्याची वाट हाये, भाऊ. दिवाळीला कोन जातं हितून?"

"मग दिवाळीला कुठून जातात?"

"रस्त्यानं."

संपलं. बाकीचं जग ज्याला 'ट्रेल' म्हणतं ती वाट गावाच्या लेखी वर्षातून तीन-साडेतीन महिने असते, उरलेल्या काळात तिचं अस्तित्वच नाही. त्यांनी कधी कुणाला सावध केलं नाही, कारण सावध करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. पाणी दिसतंय की समोर!

त्या चार दिवसांत मामांनी प्रत्येक वाटेला महिने सांगितले. मी अंतर विचारायचो, ते महिना सांगायचे. रतनवाडीहून रतनगडाची वाट जंगलातून जाते आणि प्रवरेचं बाळपणीचं पात्र ओलांडते. जानेवारीत दगडांवरून उड्या मारत जायचं, पण जुलै-ऑगस्टमध्ये वर गडावर पाऊस झाला की तेच पात्र तासाभरात अडवतं, आणि सकाळी गेलेला माणूस दुपारी पलीकडे अडकतो. पुढे एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या दिशेला जातो. गडाची वाट उजवीकडे. गवत वाढलेलं असताना हा उजवा फाटा दिसत नाही आणि माणूस सरळ मळलेल्या वाटेने खिंडीकडे निघतो. म्हणजे फाट्यावरचा बाण मे महिन्यात उगीच आणि सप्टेंबरात जीव वाचवणारा. गडावर त्र्यंबक दरवाजातून साम्रदकडे उतरणारी वाट कोरड्या दिवसांत चांगली, शेवाळ धरलं की पायऱ्या हात टेकत उतराव्या लागतात. टाक्यांमधलं कोणतं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पिण्यासारखं राहतं याचा तर मामांनी तोंडपाठ पाढाच म्हटला.

दुसऱ्या आवृत्तीचं काम इथून सुरू झालं.

पहिली गोष्ट काठाची. एक रेघ काढायची नाही, दोन काढायच्या. एक भरलेल्या धरणाची आणि एक मे अखेरची. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं 2015 पासून कुणालाही फुकट मिळतात, दर थोड्या दिवसांनी नवं, 10 मीटरच्या ठिपक्याचं. पाणी निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश जवळजवळ सगळा गिळतं, त्यामुळे त्या पट्ट्यात जलाशय काळाकुट्ट दिसतो आणि जमीन उजळ. हिरवा पट्टा आणि इन्फ्रारेड पट्टा यांचं साधं गुणोत्तर काढलं की काठ आपोआप कापून निघतो. ऑक्टोबरातलं ढग सरलेलं एक चित्र आणि मेच्या शेवटाचं एक, दोन्हीतून काठ काढले आणि एकावर एक ठेवले. भिंतीजवळ दोन्ही रेघा जवळपास एकमेकींवर. पश्चिमेला सरकत जावं तशी मधली जागा रुंदावत जाते, रतनवाडीच्या टोकाला तर दोन वेगळे जलाशय वाटावेत. मधल्या जागेत तिरप्या निळ्या रेघा भरल्या आणि लिहिलं: 'बुडीत पट्टा. साधारण जुलै ते फेब्रुवारी पाण्याखाली.' हा 'साधारण' शब्द मला टोचतो. एखाद्या वर्षी पाऊस उशिरा येतो, एखाद्या वर्षी आवर्तन लवकर सुटतं. तारीख छापणं शक्य नाही. म्हणून खाली ओळ टाकली की निघण्यापूर्वी घरमालकाला पाणी कुठवर आहे ते विचारा. छापील नकाशाने इतकं कबूल करायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट सांदण दरीची. यावर वर्गणी काढणाऱ्यांत आणि माझ्यात बरीच हमरीतुमरी झाली. साम्रदजवळची ही घळ म्हणजे जमिनीला पडलेली भेग. दोन्ही बाजूंना सरळ उभ्या भिंती, काही ठिकाणी इतकी चिंचोळी की दोन माणसं शेजारी उभी राहिली की संपली. सुरुवातीला पाण्याची दोन कुंडं, मग मोठमोठे दगड, मग दोर लावून उतरायचे टप्पे, आणि शेवटी माणूस ठाणे जिल्ह्यात, डेहण्याच्या बाजूला. पाहुण्यांना हवी असते ती हीच जागा. म्हणून सगळ्यांचं म्हणणं, ठळक रेघ काढा. मी म्हटलं, रेघ काढली की लोक तिला चालायची वाट समजतात.

शिवाय ती रेघ काढायची कशावरून? आम्ही कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, ज्या उंचीच्या माहितीवरून काढतो ती एसआरटीएमची, फेब्रुवारी 2000 मध्ये स्पेस शटलवरच्या रडारने मोजलेली. तिचा एक ठिपका साधारण 30 मीटरचा. त्या ठिपक्यात सांदण मावतच नाही, अख्खी घळ दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत हरवते. कंटूर बघितले तर तिथे साधा उतार दिसतो. घाटघरच्या कड्याचंही तेच, सरळ तुटलेला कडा माहितीत घसरगुंडीसारखा होऊन येतो. बरं, फोनवर चालतानाची रेघ नोंदवावी, तर भिंतींमध्ये आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो. माझ्या फोनने मला दोनदा पठारावर नेऊन ठेवलं आणि एकदा समोरच्या कड्याच्या आत. घरी येऊन ती नोंद उघडली तर कोळ्याने जाळं विणावं तशी दिसत होती.

शेवटी तडजोड झाली. साम्रदपासून पहिल्या कुंडापर्यंत पायवाटेची नेहमीची खूण. तिथे आडवी काळी दांडी. पुढे रेघ नाही, फक्त दरीचा आकार करड्या रंगात, आणि तीन ओळी: दोर लागतो, माहीतगार वाटाड्याशिवाय उतरू नये, पावसाळ्यात आत पाऊल टाकू नये. एकाने कुरकुर केली की यामुळे नकाशा घाबरवणारा दिसतो. दिसू दे.

कागदाचं गणितही सांगून टाकतो, कारण असं काम करणाऱ्याला ते आधी करावं लागतं आणि मी नंतर केलं. उत्तरेला कळसूबाई ते दक्षिणेला रतनगड हवेतलं अंतर 11 किलोमीटरच्या आसपास. घाटघर ते शेंडीही तेवढंच. पायी चालणाऱ्याला एकास 25,000 प्रमाण उत्तम, एक सेंटिमीटरला पाव किलोमीटर. पण ए3 कागद 42 बाय 29.7 सेंटिमीटरचा, त्यात या प्रमाणाने साडेदहा बाय साडेसात किलोमीटर मावतात. म्हणजे कळसूबाई किंवा रतनगड यातलं एक कागदाबाहेर. पहिल्या आवृत्तीत मी प्रमाण लहान करून सगळं ए3 वर कोंबलं होतं, फाटे एकमेकांवर चढले होते. दुसरी ए2 वर घेतली, एकास 30,000. एक सेंटिमीटर म्हणजे 300 मीटर. सगळं बसतं आणि कडेला सूचनांना जागा उरते. घडी मात्र अशी घालावी लागते की कुठल्याही एका बाजूचा भाग पूर्ण न उलगडता वाचता यावा, कारण घाटघरच्या वाऱ्यात ए2 कागद पूर्ण उघडणारा माणूस पतंग उडवायला आल्यासारखा दिसतो.

अक्षरांचं एक छोटं प्रकरण झालं, ते वगळवत नाही. गावांची नावं मी देवनागरीत आणि लहान अक्षरात इंग्रजीत दिली होती. छापखान्यातून पहिली प्रत आली तेव्हा शेंडीची 'शेडी' झाली होती. घाबरून फाइल उघडली, तर तिथे अनुस्वार होता. कागदावर भिंग धरलं तेव्हा दिसलं की अनुस्वाराचा ठिपका बरोबर तपकिरी कंटूरवर बसला होता आणि रेघेत विरघळला होता. दुसऱ्या जागी 'कुंड'चं 'कुड' झालं होतं. रोमन अक्षरांना ही अडचण नाही, त्यांचा सगळा जीव एका ओळीत असतो. आपल्या लिपीत अर्थ डोक्यावर आणि पायाशी लटकलेला असतो. मग नावाच्या मागे पांढरी कड दिली, सहा पॉइंटच्या खाली एकही अक्षर ठेवलं नाही आणि वाटांच्या नावांजवळून कंटूर तोडून काढले. कंटूर तुटलेला कुणाच्या लक्षात येत नाही, अनुस्वार गेलेला मात्र गावकऱ्यांच्या पहिल्या नजरेत येतो.

काय काढायचं नाही हेही ठरवावं लागलं. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत इथे काजवे असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी, एकाच लयीत उघडझाप करणारे. त्या दिवसांत शनिवारी रात्री शेंडी ते घाटघर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. हेडलाइट लावून, हॉर्न वाजवून लोक अंधार शोधायला येतात. पहिल्या आवृत्तीत मी काजव्यांच्या तीन चांगल्या जागांवर पिवळे तारे टाकले होते. या वेळी तिन्ही पुसले. काही घरमालक नाराज झाले, त्यांचा वर्षातला मोठा धंदा त्या दोन-तीन आठवड्यांत होतो आणि त्यांची नाराजी मला खोटी वाटत नाही. पण तारा छापला की त्या झाडाखाली शंभर माणसं उभी राहतात, मादी काजवा बसते ते गवतच पायाखाली जातं. त्याऐवजी रस्त्यावर गाड्या कुठे लावायच्या त्या जागा दाखवल्या आणि तिथून वाटाड्या घेऊन चालत जायला सुचवलं. एक झराही पुसला, मामांच्या सांगण्यावरून. वाडीचं उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी तिथून येतं. त्या जागी आता नकाशावर नुसतं जंगल आहे.

वेळ कसा लिहायचा यावर थोडं. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये ढोबळ नियम सांगितला होता, सपाटीला ताशी पाचेक किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. थंड हवेत, सवयीच्या पायांना तो बसतो. बारीहून कळसूबाई चढताना एप्रिलच्या उन्हात, शिड्यांवर रांग असताना, तो कोलमडतो. मग आम्ही दोन वेगवेगळ्या वेळा छापल्या, डिसेंबरची आणि एप्रिलची, दोन्ही आमच्यातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पायांवरून मोजलेल्या. आणखी एक चूक या निमित्ताने सापडली. फोनवरची नोंद सुटसुटीत करण्यासाठी सॉफ्टवेअर रेघेतली बारीक वळणं काढून टाकतं. चढाच्या वाटेवर वळणं म्हणजेच वाट. रतनगडाच्या जंगलातल्या टप्प्यात ती गेल्यावर अंतर बरंच कमी भरत होतं आणि वेळ त्या अंतरावरून काढलेली होती. ते सगळे टप्पे पुन्हा मूळ नोंदीवरून मोजले.

नकाशाच्या मागच्या बाजूला आणीबाणीचा 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरात आहेत, जवळचं ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे हे आहे, आणि आमच्या फोनला जिथे जिथे रेंज मिळाली त्या जागांवर लहान खूण. वाटांचा सगळा मजकूर आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवरही चढवला, जो 2004 पासून जगभरचे लोक मिळून भरत आहेत आणि ज्याच्यावर बरीच ट्रेकिंगची अॅप चालतात. तिथे काठाच्या वाटेला 'हंगामी' अशी नोंद करता येते, तशी केली. अडचण एवढीच की बऱ्याच अॅपमध्ये ही नोंद चित्रावर उमटत नाही. रेघ रेघच दिसते, बाराही महिने. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे निर्बंध सैल केल्यापासून असं काम करणं कायद्याच्या दृष्टीने सोपं झालं आहे, त्यामुळे आमच्यासारखे हौशे वाढणार. त्यांनी उन्हाळ्यात गिरवलेल्या रेघा फोनांवर वाढणार हेही आलंच.

ऑक्टोबरातल्या त्या कुटुंबाला मी फोन केला होता. माफी मागितली. गृहस्थ शांत होते. म्हणाले, पाणी दिसल्यावर परत फिरायला हवं होतं, पण नकाशावर वाट होती म्हणून वाटलं आपणच चुकतोय. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

दुसरी आवृत्ती फेब्रुवारीत आली. हिरवी रेघ तिच्यावर आहे, काढून टाकली नाही. आता ती तपकिरी ठिपक्यांची आहे, तिरप्या निळ्या पट्ट्यातून जाते आणि शेजारी लिहिलं आहे 'मार्च ते जून'. पहिली प्रत मामांना नेऊन दिली. त्यांनी ती नेहमीप्रमाणे दक्षिण वर करून धरली, बराच वेळ पाहिली आणि नखाने एका जागी टोकरलं. त्यांचं म्हणणं, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तिथला एक सखल तुकडा अजून ओला असतो, होळीपर्यंत थांबावं. होळी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हटलं नकाशावर लिहू कसं?

"होळी लिहा की," मामा म्हणाले.

तिसऱ्या आवृत्तीसाठी तेवढी एक दुरुस्ती वहीत आहे.